काळी शाई, चकचकीत कागद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काळा म्हणजे सगळ्यात साधा रंग, अशी आपली समजूत असते. लाल, निळा, पिवळा यांच्यात छटा असतात. काळा तो काळाच. लग्नपत्रिकेवरचं नाव असो की शाळेच्या प्रमाणपत्रावरचं, काळ्यात छापलं की काम झालं. पण घरी प्रिंटर असलेल्या कुणालाही विचारून पाहा. साध्या कागदावर झकास उमटणारा काळा चकचकीत कागदावर गेला की रुसतो. कधी बोटाला लागतो, कधी तपकिरी दिसतो, कधी हिरवट झाक मारतो, तर कधी त्याचे नुसतेच ठिपके होतात. मग प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला फोन जातो.

माझं काम शब्दांचं. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. पण तरुणपणी काही वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली आणि पुढे माझ्या कवितांच्या छोट्या पुस्तिका, ईद-दिवाळीची भेटकार्डं घरच्याच प्रिंटरवर छापत आलो. त्यामुळे शाई आणि कागद यांचं भांडण मला परकं नाही. या भांडणात प्रिंटर बहुतेक वेळा निर्दोष असतो आणि तरी शिक्षा त्यालाच होते. त्याची बाजू मांडावी म्हणून आज हा विषय घेतला.

आमच्या गल्लीत एक मुलगी घरातूनच छपाईची छोटी कामं करते. वाढदिवसाची निमंत्रणं, दुकानांची दरपत्रकं, हळदी-कुंकवाची कार्डं अशी. बचत गटातून कर्ज काढून तिने शाईच्या टाक्यांचा प्रिंटर घेतला. दोन वर्षांपूर्वी तिला एका शाळेचं काम मिळालं. क्रीडास्पर्धेची १५० प्रमाणपत्रं, जाड चकचकीत कागदावर, रंगीत किनार आणि मुलांची नावं ठसठशीत काळ्या अक्षरांत. प्रमाणपत्रं छापून गेली आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला. किनार जशीच्या तशी होती, पण नावांवरून बोट फिरवलं की ती काजळासारखी पसरत होती. दुरुस्तीवाल्याने चार वेळा हेड साफ केलं. त्यात काळ्या शाईची बाटली बरीचशी रिकामी झाली. शेवटी त्याने हेडच बदलायला सांगितलं. तो खर्च म्हणजे जवळजवळ अर्धा प्रिंटर. ती एक प्रमाणपत्र हातात घेऊनच माझ्याकडे आली. म्हणाली, "चाचा, तुम्ही छापखान्यातली माणसं. बघा तरी, ह्याला झालंय काय?"

मी तिला एकच विचारलं, "बेटा, हीच नावं साध्या कागदावर कशी येतात?"

"एकदम काळीभोर," ती म्हणाली.

मग हेडचा प्रश्नच उरला नाही. ज्या हेडमधून साध्या कागदावर काळाभोर मजकूर येतो, ते तुंबलेलं कसं असेल? दोष शाईत नव्हता, कागदातही नव्हता. दोघांची सोयरीक चुकली होती.

ही सोयरीक समजून घ्यायची तर आधी शाईकडे पाहू. घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये दोन जातींची शाई असते. एक डाय शाई. साखर पाण्यात विरघळावी तसा तिच्यात रंग विरघळलेला असतो. दुसरी पिगमेंट शाई. तिच्यात रंग विरघळत नाही. गढूळ पाण्यात मातीचे कण असावेत तसे त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. काळ्या पिगमेंट शाईतले कण कार्बनचे, सोप्या भाषेत काजळीचे असतात. एकेक कण साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक.

अनेक प्रिंटरांत निळी, किरमिजी आणि पिवळी शाई डायची असते आणि काळी तेवढी पिगमेंटची. त्याला कारण आहे. साधा कागद म्हणजे लाकडाच्या तंतूंचा गुंता. डाय शाई या तंतूंच्या वाटेने इकडेतिकडे झिरपते आणि अक्षरांना मिशा फुटतात. पिगमेंट शाईतलं पाणी खाली उतरतं, पण काजळीचे कण वरच्या तंतूंत अडकून राहतात. म्हणून अक्षर काळंभोर, रेखीव येतं आणि पाण्याचा थेंब पडला तरी सहसा ओघळत नाही. अर्ज, दाखले, पत्रं यांच्यासाठी ही शाई उत्तम. काही प्रिंटरांत मात्र सगळीच शाई डायची असते, तर काहींत सगळीच पिगमेंटची. आपल्याकडे कोणती आहे, हे बाटलीवर, खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावं.

आता कागद. चकचकीत दिसतो म्हणून सगळा चकचकीत कागद एका जातीचा नसतो. त्याच्यावर लेप दिलेला असतो आणि तो लेप कशाचा आहे यावर सगळं अवलंबून असतं. इंकजेटसाठी बनवलेल्या बऱ्याच फोटो कागदांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या बारीक भुकटीचा थर असतो. त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. शाई पडली की ती छिद्रं तिला क्षणात शोषून घेतात. दुसऱ्या प्रकारात जिलेटिनसारख्या पदार्थाचा लेप असतो. तो शाई पिऊन फुगतो आणि सावकाश वाळतो. तिसरा प्रकार छापखान्यातला आर्ट पेपर आणि आर्ट कार्ड. त्याच्यावर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप देऊन रुळांमध्ये घोटून गुळगुळीतपणा आणलेला असतो. तो बनवलेला असतो ऑफसेटच्या तेलकट शाईसाठी. आपल्या इंकजेटची पाणीदार शाई त्याच्यावर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी नुसती बसून राहते.

छिद्रांच्या फोटो कागदावर काळी पिगमेंट शाई पडली तर काय होतं? छिद्रं काजळीच्या कणांपेक्षा लहान असतात. पाणी खाली जातं आणि काजळी वरच राहते. साध्या कागदावर तिला धरून ठेवायला तंतू होते. इथे पृष्ठभाग गुळगुळीत. मजकुरासाठी बनवलेल्या या शाईत कणांना अशा पृष्ठभागावर चिकटवून ठेवील इतका चिकटपदार्थ नसतो. मग फळ्यावरच्या खडूसारखी ती वरवर राहते आणि हात लागला की निघते. ती वाळलेली असते, पण बसलेली नसते. वाळणं वेगळं आणि बसणं वेगळं. हा फरक लक्षात आला की निम्मी अडचण सुटते.

प्रिंटर बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून अशा प्रिंटरला तुम्ही "फोटो पेपर" किंवा "ग्लॉसी" असं सांगितलंत, की तो सहसा काळी पिगमेंट शाई वापरतच नाही. निळी, किरमिजी आणि पिवळी एकत्र करून तो काळा रंग तयार करतो. काही प्रिंटरांत त्यासाठी डायची वेगळी, दुसरी काळी शाई असते. छायाचित्रकारांच्या महागड्या प्रिंटरांत "फोटो ब्लॅक" आणि "मॅट ब्लॅक" अशा दोन काळ्या पिगमेंट शाई असतात. त्यांतल्या फोटो ब्लॅकची घडण चकचकीत कागदावर बसण्यासाठीच केलेली असते.

पण घरगुती प्रिंटरला बहुधा कागद ओळखता येत नाही. तुम्ही सांगाल ते तो खरं मानतो. त्या मुलीच्या संगणकावर कागदाचा प्रकार "प्लेन" असाच राहिला होता. प्रिंटरने आज्ञाधारकपणे साध्या कागदाची शाई चकचकीत कागदावर ओतली. छापण्याच्या चौकटीत "प्रॉपर्टीज" किंवा "प्रेफरन्सेस"मध्ये गेलं की "पेपर टाइप" किंवा "मीडिया टाइप" असा रकाना असतो. तिथे "ग्लॉसी फोटो पेपर" निवडलं, दर्जा "हाय" ठेवला आणि एक प्रमाणपत्र छापलं. काळा किंचित तपकिरी आला, कारण तो तीन रंगांचा होता. पण बोटाला लागला नाही. कागदाचा भुर्दंड तिला बसला, पण शाळेने काम स्वीकारलं, हेड बदलावं लागलं नाही आणि कर्जाचा त्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला. मोबाइलवरून छापणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण तिथे हा रकाना चटकन नजरेस पडत नाही.

शाई आणि लेप यांची ही अडचण काही संगणकाने आणलेली नाही. पूर्वी आपल्याकडे दिव्याच्या काजळीत डिंक घोटून शाई करत. ती पिगमेंट शाईच. डिंक असायचा तो काजळीला कागदावर धरून ठेवण्यासाठी. फारसी-उर्दू लिहिणारे खुशनवीस कागदावर खळीचा किंवा अंड्यातल्या पांढऱ्याचा आणि तुरटीचा लेप देत आणि अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने तो घोटून चकाकी आणत. या लेपाला उर्दूत "आहार" म्हणतात. मराठी माणसाला वाटावं, कागदालाही जेवू घालत होते की काय! या लेपामुळे शाई आत झिरपत नसे, वरच राहत असे. त्याचा फायदाही होता. अक्षर चुकलं तर ओल्या बोळ्याने पुसून पुन्हा लिहिता येई. आमच्या मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळापासून तिथे हातकागदाची परंपरा असल्याचं सांगतात. कागद करणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना ठाऊक असायचं, की कोणत्या कागदाला कोणती शाई. आज आपण कागद एका दुकानातून आणतो, शाई दुसऱ्या दुकानातून, आणि त्यांची ओळख करून द्यायला विसरतो.

आता लक्षणांवरून रोग कसा ओळखायचा ते पाहू. सुरुवात नेहमी एका गोष्टीने करा. प्रिंटरची "नोझल चेक" ही चाचणी साध्या कागदावर छापा. त्यातल्या रेघा अखंड असतील तर हेडला हात लावू नका. रेघा तुटक असतील तर एकदा, फार तर दोनदा सफाई करा आणि मग काही तास थांबून पुन्हा चाचणी घ्या. वाळलेली शाई भिजून सुटायला वेळ लागतो. सफाईमागून सफाई करत राहिलात, तर ती सगळी शाई प्रिंटरच्या पोटातल्या टाकाऊ शाईच्या स्पंजात जाते. तो भरला की प्रिंटर कामच थांबवतो.

शाई तासाभरानेही ओली, थेंब थेंब दिसत असेल तर दोन शक्यता. एक, कागद उलटा घातला गेला आहे. फोटो कागदाच्या पाठीवर पुष्कळदा कंपनीचं नाव छापलेलं असतं. नसेल, तर कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी किंचित ओलसर बोट लावून पाहा. जी बाजू चिकट लागते ती बहुधा छपाईची. दोन, कागद छापखान्याचा आर्ट पेपर आहे. मग कोणतंही सेटिंग उपयोगी पडणार नाही. पाकिटावर "इंकजेट" हा शब्द आहे का, हे दुकानातच बघा. सुटा, बिननावाचा चकचकीत कागद स्वस्त मिळाला तर आधी एकच घेऊन छापून पाहावा, मग शंभर घ्यावेत.

शाई सुकलेली आहे, पण दुसऱ्या दिवशीही बोटाला काजळी लागते? मग ती चकचकीत कागदावर पडलेली पिगमेंट काळी. उपाय वर सांगितला तोच, कागदाचा प्रकार बदला. दाट काळाच हवा असेल तर इंकजेटसाठीचा मॅट लेपाचा कागद घ्या. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर पिगमेंट काळी छान बसते. ती मुलगी आता प्रमाणपत्रांसाठी मॅट कागदच वापरते आणि चकचकीत कागद फोटोंपुरता ठेवते.

छापल्यावर लगेच पुसतं, पण दुसऱ्या दिवशी पक्कं होतं, असं असेल तर घाई हाच दोष. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवेत ओल असते आणि कागद सुकायला वेळ लागतो. छापलेले कागद एकावर एक रचू नका. पंख्याच्या हलक्या वाऱ्यात सुटे ठेवा, उन्हात नको. दुसऱ्या दिवशी रचताना मधे साधा कागद घाला. काळ्या भागावर टाचणीने टोचल्यासारख्या ठिपक्यांच्या ओळी दिसल्या, तर त्या कागद बाहेर ढकलणाऱ्या दातेरी चाकांच्या खुणा असतात. ओल्या शाईवरून ती चाकं गेलेली असतात. तिथे शाईची मात्रा कमी करायची, म्हणजे "डेन्सिटी" थोडी उतरवायची. काळ्या भागात डबकी साचल्यासारखी दिसली तरी हाच उपाय. शाईचा एकेक थेंब काही पिकोलिटरचा असतो. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर. पण असे लाखो थेंब एका जागी पडले की कागदाची पिण्याची ताकद संपते.

काळा रंग भलत्याच छटेत येत असेल, तर तीन रंगांपैकी एखादा गैरहजर आहे का ते बघा. किरमिजी नसेल तर काळा हिरवट होतो, निळी नसेल तर लालसर आणि पिवळी नसेल तर निळसर-जांभळा. साध्या कागदावर काळा मजकूर व्यवस्थित येत असतो, म्हणून माणूस काळ्याच बाटलीवर संशय घेतो. चोर दुसऱ्याच टाकीत असतो. आणि कागद तिरका धरल्यावर काळ्यावर तांब्यासारखी झाक दिसली, तर तो पिगमेंट शाईचा स्वभाव समजावा. कण पृष्ठभागावर असतात, त्यांच्यावरून उजेड वेगळा परततो. कागदाची कंपनी बदलून ही झाक पुष्कळदा कमी होते.

दोन गोष्टी मात्र करू नका. डायच्या टाकीत पिगमेंट शाई किंवा पिगमेंटच्या टाकीत डाय शाई ओतू नका. दोन्ही एकत्र आल्या तर गुठळ्या होऊ शकतात आणि मग हेड खरोखरच जातं. आणि इंकजेटचा चकचकीत कागद लेसर प्रिंटरमध्ये घालू नका. लेसरमध्ये शाई नसतेच. टोनरची भुकटी साधारण २०० अंश सेल्सिअस तापलेल्या रुळाने वितळवून कागदावर दाबली जाते. त्या उष्णतेने इंकजेट कागदाचा लेप किंवा त्याखालचा प्लॅस्टिकचा थर वितळून रुळाला चिकटू शकतो आणि तो खर्च फार मोठा असतो. लेसरसाठी "लेसर" असं लिहिलेलाच चकचकीत कागद घ्यावा आणि सेटिंगमध्ये "थिक" किंवा "ग्लॉसी" निवडावं. मग प्रिंटर कागद सावकाश नेतो, टोनर नीट वितळतो आणि घडीवर त्याचे पापुद्रे निघत नाहीत.

टिकाऊपणाचंही बोललं पाहिजे. डाय शाईचे रंग सुरेख दिसतात, पण उजेडाने आणि हवेतल्या ओझोनसारख्या वायूंनी ते फिकट होतात. छिद्रांच्या कागदावर तर आणखी लवकर. पिगमेंट शाई, त्यातही कार्बनची काळी, पुष्कळ काळ टिकते. तेव्हा जे भिंतीवर लावायचं आहे ते काचेच्या चौकटीत, उन्हापासून दूर ठेवावं. वर्षानुवर्षं जपून ठेवायचा मजकूर मॅट किंवा साध्या चांगल्या कागदावर पिगमेंट काळ्या शाईत छापावा.

शेवटी एक सवय सुचवतो. प्रिंटरजवळ एक वही ठेवा. कोणता कागद, किती जीएसएमचा, कोणतं सेटिंग, निकाल कसा आला, हे तारखेनिशी लिहा आणि त्या कागदाचा छापलेला एक तुकडा शेजारी चिकटवा. आठवड्यातून एकदा तरी एखादं रंगीत पान छापा, म्हणजे हेड सुकत नाही. आणि मोठ्या कामाआधी एकच प्रत छापून, रात्रभर ठेवून, सकाळी तिच्यावरून बोट फिरवून बघा. प्रमाणपत्रावर ज्याचं नाव असतं, त्या मुलाने आपलं नाव छापील अक्षरांत कदाचित पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. ते त्याच्या बोटाला लागून पुसलं जाऊ नये, एवढ्यासाठी एक रात्र थांबायला हरकत नाही.